सातवा शेर

बॉनमधला तो हिवाळा आठवायला बसले की आधी धुकं आठवतं, मग धुक्यातून येणारा आबांचा आवाज. माणूस नंतर दिसतं. ऱ्हाईनच्या काठावरचा बाक, बाकावर माझ्या नवऱ्याचा ढगळ कोट घालून बसलेले माझे सासरे, शेजारी पाय हलवत बसलेली माझी आठ वर्षांची लेक, आणि समोरून वाळू भरून चाललेली एक लांबलचक बोट. बोट धुक्यात शिरून दिसेनाशी व्हायची, तरी तिचं इंजिन बराच वेळ ऐकू यायचं. आबा त्या इंजिनाच्या तालावर कविता म्हणायचे. कविता फारसीतली होती, आणि मला तिच्यातला एकच शब्द कळायचा.

सासूबाई गेल्या त्या वर्षी आम्ही आबांना औरंगाबादहून आमच्याकडे आणलं. ते तेव्हा ऐंशीला टेकले होते. नवरा आठवडाभर लुडविग्सहाफेनच्या कारखान्यात असायचा, शुक्रवारी संध्याकाळी घरी यायचा. मी विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. म्हणजे घरात आम्ही तिघंच: कामाच्या ओझ्यानं सदा फुरंगटलेली सून, मराठी समजणारी पण जर्मनमध्येच उत्तर देणारी नात, आणि आबा. लेकीला शाळेतून आणायचं काम आबांनी स्वतःहून मागून घेतलं. परतताना दोघं नदीकाठी थांबायची.

आबांची सकाळ ठरलेली होती. अंघोळ, बुद्धवंदना, चहा, आणि चहानंतर फारसी, कुणा सूफीची कविता. वंदनेला माझी ना नव्हती. पण माझ्या माहेरी देव नाही, दैव नाही, बुवा-बाबा तर उंबऱ्याबाहेरसुद्धा नाहीत, अशा शिस्तीत मी वाढलेली. सूफी म्हटलं की मला धूप आणि मोरपिसं दिसायची. ‘आबा, हे काय मधेच?’ असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. ते म्हणाले, ‘सूनबाई, वंदना मनासाठी. हे जिभेसाठी. गंज चढतो.’

तर तो एक शब्द. आबा लेकीला ती कविता शिकवत होते आणि प्रत्येक शेराच्या शेवटी ‘शिकस्त’ यायचं. मी स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता ऐकायची. शिकस्त म्हणजे आपली प्रयत्नांची शिकस्त, यात मला शंका नव्हती. शेवटपर्यंत झटावं, कंबर कसून कामाला लागावं, असं काहीतरी सहा शेरांत सांगितलेलं असणार. मला बरं वाटलं. सूफी असला तरी माणूस कामाचा दिसतो! शुक्रवारी मी नवऱ्याला सांगितलं, ‘तुझे वडील पोरीला कष्टाचं महत्त्व शिकवतायत. चांगलंय.’ नवऱ्याला फारसी येत नाही, पण औरंगाबादेत वाढल्यामुळे उर्दू येते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि दोघं बापलेक इतके हसले की लेक खोलीतून धावत आली.

शिकस्त म्हणजे तुटणं. फुटणं, मोडणं, हरणं. फारसीत तोच अर्थ, उर्दूतही तोच. त्या गझलेत प्रत्येक शेरात काहीतरी तुटतं. आधी कुलूप, मग कलम, एका शेरात चालता चालता वहाणेचा अंगठा, एकात शपथ, एकात बोलणाऱ्याचा आवाज, आणि सहाव्यात पाण्याची घागर. मी कष्टाचं गाणं समजत होते ते सगळं फुटक्या वस्तूंचं कपाट निघालं.

त्यानंतर आबांनी मला सुखानं जगू दिलं नाही. हातून कप निसटला की, ‘वा, कपानं शिकस्त केली!’ मी प्रयोगशाळेतून वैतागून आले की, ‘आज काय काय शिकस्त झालं?’ मला राग यायचा आणि हसूही यायचं. एकदा मी विचारलंच, ‘पण मग मराठीत उलटा अर्थ कसा आला?’ आबांचा सगळा जन्म भूमी अभिलेख कार्यालयात गेला होता, जमिनीचे जुने मोडी आणि फारसी कागद वाचण्यात. ते म्हणाले, ‘मूळ मला माहीत नाही. पण मला असं वाटतं, की आपल्या लोकांनी हरणं घेतलं आणि त्याचं झटणं केलं. तुटेस्तोवर करायचं, ते शिकस्त.’

हा शब्दकोशातला अर्थ नव्हे, आबांचा. पण त्या दिवसापासून मी कांदा चिरायचं थांबवून ऐकायला लागले.

घागरीचा शेर मला सगळ्यात आवडायचा. त्याचा अर्थ आबा असा सांगायचे: मी तुझ्यासाठी पाणी घेऊन निघालो, तुझ्या दाराशी आलो आणि घागर फुटली, दार तू उघडलं नाहीस, पण पाणी फटीतून आत गेलं. मी म्हटलं, ‘म्हणजे फुटलं ते बरंच झालं असं का?’ ते म्हणाले, ‘तू केमिस्ट्रीवाली. तूच सांग.’ मी सांगितलं. लोकांना वाटतं बंध तुटला की ऊर्जा मिळते, पण ते चूक आहे; तुटायला ऊर्जा घालावी लागते, मिळते ती पुढचा बंध जुळताना. आबांनी ते दोनदा म्हणवून घेतलं. ‘हे त्यांना आवडलं असतं,’ म्हणाले.

‘ते’ म्हणजे कवी. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, ‘ते’ म्हणत, तसे आबा त्या कवीला नेहमी ‘ते’ म्हणायचे. ते मोठे विद्वान होते म्हणे. दौलताबादेच्या वाटेवर त्यांचा मदरसा होता, व्याकरण आणि कायदा शिकवायचे, आणि दुसऱ्याची चूक काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा उन्हाचे कुठल्याशा विहिरीवर पाणी मागायला गेले. पाणी शेंदणाऱ्या बाईनं विचारलं, ‘कोण आहेस?’ त्यांनी आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, गुरूचं, गुरूच्या गुरूचं, आणि दरबारातून मिळालेल्या पदव्या सांगितल्या. बाई म्हणाली, ‘माझ्याकडे एकच घागर आहे. एवढ्या जणांना कुठून पुरणार?’ आणि घागर उचलून चालती झाली. ते मदरशात परत गेलेच नाहीत. एका खेड्यात लहान मुलांना पाटीवर अलिफ काढायला शिकवत राहिले, आणि कविता करू लागले.

ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन! नदीकाठच्या त्या ओलसर, राखाडी दुपारी ती विहीर मला समोर दिसायची, औरंगाबादच्या उन्हासकट. लेकीला तर ती बाई इतकी आवडली होती, की ती शाळेत कुणी फुशारकी मारायला लागलं की जर्मनमध्ये म्हणायची, एकच घागर आहे.

एका दुपारी घरी मी आबांना चिडवलं. ‘अहो आबा, सारखं ते, ते. लाजता काय एवढे? एक उखाणा घ्या, म्हणजे नाव तरी कळेल आम्हाला.’

आबा हसले नाहीत. म्हणाले, ‘उखाणाच तर राहिलाय, सूनबाई.’

त्यांनी खोलीतून एक वही आणली. पाठ्यपुस्तकाएवढी, कापडी पाठीची, पानं तपकिरी झालेली. उजवीकडून उघडायची ती वही त्यांच्या तेरा वर्षांच्या हातानं लिहिलेली होती. एका पानावर सहा शेर, आणि खाली दोन ओळींची कोरी जागा. गझलेच्या शेवटच्या शेरात कवी आपलं नाव गुंफतो, तशी रीत आहे. तो शेर आबांना मिळाला नव्हता, म्हणून कवीचं नावही नाही.

आबा शिकले ते निजामाच्या राज्यात. गावातले मौलवीसाहेब संध्याकाळी आपल्या ओट्यावर चार पोरांना फारसी शिकवायचे. आबांना शाळेत वेगळं बसवत. मौलवीसाहेबांच्या ओट्यावर एकच सतरंजी होती आणि तिच्यावर सगळे. ‘ते’ कोण होते हे विचारलं की मौलवीसाहेब म्हणायचे, ‘शेवटच्या शेरात येईल, तेव्हा कळेल.’ रोज एक शेर. सहावा झाला त्या संध्याकाळी ते म्हणाले, ‘आता एकच राहिला. त्यात नाव आहे. उद्या ये.’ दुसऱ्या दिवशी आबा गेले तर दाराला कुलूप. पोलीस अॅक्शनचे दिवस होते. मौलवीसाहेब कुठे गेले ते गावात कुणी सांगू शकलं नाही, आणि ते परत आले नाहीत.

‘पासष्ट वर्षं झाली,’ आबा म्हणाले. ‘हैदराबादेला विचारलं, खुलदाबादेत विचारलं. लोक म्हणाले, असा कुणी कवी आम्हाला माहीत नाही.’ मग वहीवर बोट ठेवून म्हणाले, ‘आता ही अक्षरं मला मधोमध दिसत नाहीत. कडेकडेनं दिसतात. अजून वर्षभर दिसेल म्हणतो तुमचा डॉक्टर. तेवढ्यात मिळाला तर बघावा.’

मी भाजी ढवळायला गेले आणि तिथं मला रडू आलं, हे आज मोकळेपणानं सांगते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन विचारलं. तिथं फारसी हस्तलिखितांचं काम पाहणाऱ्या एक बाई होत्या, निवृत्त झालेल्या, तरी आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या. मी त्यांना पहिली ओळ रोमन अक्षरांत लिहून दिली. त्यांनी ती मनात वाचली, ओठ हलले, आणि म्हणाल्या, बघते, पण आशा ठेवू नका.

आशा ठेवू नका म्हटल्यावर माणूस दुसरं काय करतं? पाच आठवडे आबा रोज संध्याकाळी काहीच न विचारता माझ्या तोंडाकडे पाहायचे. मी नाही म्हणून मान हलवायची. नदी तशीच वाहत होती, झाडांची उरलेली पानं गेली, लेकीचे सहाही शेर तोंडपाठ झाले. मराठीत ‘दूध दे’ म्हणायला कंटाळणारी माझी मुलगी फारसी घडाघडा म्हणायला लागली. शेवटी बाईंची मेल आली. दख्खनच्या कुणा कारकुनाच्या बाडात ती गझल सापडली होती, आणि दुसऱ्या एका बाडातही. दोन्हींच्या पानांचे फोटो त्यांनी दूरच्या ग्रंथालयांतून मागवले होते. टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, गुरुवारी सकाळी अकराची.

गुरुवारी आबांनी पहाटेच दाढी केली. लेक शाळेत गेली. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. श्ट्रासेनबानमध्ये, म्हणजे ट्राममध्ये, आबा वही छातीशी धरून बसले होते, पहिल्या दिवशी शाळेत चाललेल्या मुलासारखे. ग्रंथालयाच्या वाचनखोलीच्या दाराशी ते थांबले, वाकले आणि बूट काढायला लागले. दारावरचा माणूस घाईनं म्हणाला, नाही नाही, इथं बूट घालूनच जायचं. मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘त्याला सांग, पुस्तकांच्या खोलीत आम्ही घालत नाही.’ मी सांगितलं. त्या माणसानं खांदे उडवले, आणि आबा पायमोज्यांनी आत गेले.

बाईंनी दोन्ही फोटो दिव्याखाली मांडले. अक्षर इतकं धावतं होतं, की मला ओल्या वाळूवरून चिमण्या गेल्यासारखं दिसलं. त्या लिपीचं नावच शिकस्ता आहे, तुटकी, असं बाई म्हणाल्या. आबांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. मग बाई वाचू लागल्या. त्यांचे उच्चार जर्मन घशातून येत होते, तरी पहिल्याच शब्दाला आबांचे ओठ हलायला लागले. कुलूप तुटलं, कलम तुटलं, वहाण तुटली. दोन म्हातारी माणसं, एकमेकांची भाषा न कळणारी, एका लयीत डोलत होती. खिडकीबाहेर धुकं होतं. मला वाटलं, या खोलीतून आता कुणीच बाहेर जाऊ नये.

सहावा शेर संपला. घागर फुटली, पाणी आत गेलं. आबांनी वही उघडली, पेन्सिल काढली आणि त्या कोऱ्या जागेवर टेकवून थांबले.

बाई चष्मा काढून मला म्हणाल्या, ‘आल्झो... तर, हे एवढंच आहे.’

‘पान फाटलंय का?’ आबांनी विचारलं. मी ते जर्मनमध्ये विचारलं.

पान धड होतं. सहाव्या शेराखाली उतरवून घेणाऱ्यानं ‘तमाम शुद’ असं लिहिलं होतं, म्हणजे संपलं. दुसऱ्या बाडातही सहाच शेर आणि खाली तेच दोन शब्द. ‘गेनाऊ सहा, बरोब्बर सहा,’ बाई म्हणाल्या. ‘सातवा कधी नव्हताच, असं मला वाटतं.’ आणि वर, कवीचं नाव लिहितात त्या जागी, दोन्हीकडे एकच शब्द होता: ‘ला-अदरी’. कवी कोण ते माहीत नसलं की जुन्या बाडांत असं लिहीत. त्याचा अर्थ, मला ठाऊक नाही.

आबांना मला भाषांतर करून सांगावं लागलं नाही. तमाम कळायला कुणाला फारसी लागते? त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. बाईंना दोन्ही हात जोडून नमस्कार केला. दाराशी बूट घालताना नाडी बांधता येईना, ती मी बांधली.

घरी जायच्या ऐवजी आम्ही नदीवर गेलो. आमच्या बाकावर बसलो. मला त्या मौलवीसाहेबांचा भयंकर राग आला होता. तेरा वर्षांच्या पोराला खोटं सांगायचं, आणि त्या खोट्यापायी त्यानं म्हातारपणी मोज्यांनी चालत जायचं! मी तसं बोलून दाखवणार होते. तेवढ्यात आबाच म्हणाले, ‘त्या दिवशी सतरंजी नव्हती.’

‘कुठं?’

‘ओट्यावर. शेवटच्या दिवशी. गुंडाळून आत ठेवली होती, दोरीनं बांधून. मी फरशीवर बसलो. इतकी वर्षं आठवत होतं, पण आज कळलं.’ एक बोट समोरून गेली, ती जाईपर्यंत ते थांबले. ‘त्यांना जायचंच होतं. सहावा शेर झाला, मी विचारलं, झालं? ते म्हणाले असते झालं, तर मी वही मिटली असती. तेरा वर्षांचं पोर, उद्यापासून राज्य नवीन, फारसी कोण विचारतं? मी उघडली नसती परत. मग कचेरीत जुने कागद कुणी वाचले असते? ती नोकरी कुणाला मिळाली असती? तुझा नवरा इंजिनिअर कशावर झाला?’

मी त्यांचा सुटलेला मफलर नीट गुंडाळला.

‘आणि त्यांनी विहिरीची गोष्ट तर मला आधीच सांगितली होती,’ आबा म्हणाले. ‘त्या बाईनं फटकारल्यावर ते आपलं नाव कशाला घालतील शेरात? एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.’ ते हसले, आणि हसता हसता त्यांनी मफलरनं डोळे पुसले. ‘शिकस्त केली हो मौलवीसाहेबांनी.’

मी विचारलं, ‘कुठल्या अर्थानं, आबा?’

‘तुझ्या,’ ते म्हणाले. ‘तुझ्या अर्थानं, सूनबाई.’

वसंतात आबा परत गेले. फ्रँकफर्टच्या विमानतळावर सामान देऊन झालं, आणि ते लेकीसमोर वाकले. तिनं निरोपाचे म्हणून सहाही शेर म्हणून दाखवले, भर रांगेत, खणखणीत आवाजात. मग जर्मनमध्ये विचारलं, ‘झाले ना सगळे?’

आबांनी पिशवीतून वही काढली आणि तिच्या हातात दिली. ते पान उघडून खालच्या कोऱ्या जागेवर तिचं बोट ठेवलं.

‘एक राहिलाय,’ ते म्हणाले. ‘त्यात त्यांचं नाव आहे. औरंगाबादेला ये, तेव्हा सांगतो.’

तिच्या डोक्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात प्रयोगाच्या नोंदवहीत एक आकडा खोटा लिहिलेला नाही. मी त्यांच्याकडे पाहून मान हलवली, हो म्हणून.

आम्ही औरंगाबादेला गेलो ते दोन वर्षांनी, आबा गेले तेव्हाच. लेकीनं ती वही सोबत आणली होती. पुण्यानुमोदन झालं, माणसं पांगली, आणि ती आबांच्या रिकाम्या खुर्चीजवळ वही मांडीवर घेऊन बसून राहिली. जर्मनीत परत आल्यावर तिनं हट्टानं शनिवारचा फारसीचा वर्ग लावला. आता ती तेरा वर्षांची आहे. सारखी कुठल्या कुठल्या ग्रंथालयांना मेल लिहीत असते. पहिली ओळ देते आणि विचारते, यातला शेवटचा शेर तुमच्याकडे आहे का?

बाईंनी दिलेल्या त्या दोन फोटोंच्या प्रती माझ्या कपाटात आहेत, हिवाळी कपड्यांच्या खाली.

परवा ती स्वयंपाकघरात आली. मी कांदा चिरत होते. वही ओट्यावर ठेवून तिनं मला विचारलं, आणि मराठीत विचारलं, ‘आई, खरं सांग. सातवा शेर काय आहे? तुला ठाऊक आहे ना?’

मी कांद्यावरची नजर वर केली नाही.

‘मला ठाऊक नाही,’ मी म्हटलं.